हुकूम आणि त्यामागची तजवीज

करवीर सरकारच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी एक हुकूम छापून आला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागांवर मागासलेल्या वर्गांतले उमेदवार नेमावेत, असा त्याचा मजकूर. हुकूम निघाला तेव्हा शाहू छत्रपती कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले होते. त्यातली पन्नास टक्क्यांची ओळ आज शाळकरी पोरांनाही पाठ असते. तिच्या पुढची तरतूद मात्र फारसं कुणी वाचत नाही. ज्या कचेरीत मागासलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, आणि हुकमानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी वर पाठवावं, असं तिथे सांगितलं आहे.

शाहूंचं मन पहिल्या ओळीत दिसतं, डोकं दुसऱ्या ओळीत. हुकूम निघाला की तो वाचायचा, शेरा मारायचा आणि दप्तरात बांधून ठेवायचा, ही कचेऱ्यांची रीत कोल्हापुरातही होतीच. तिमाही पत्रकाला मात्र दर तीन महिन्यांनी उत्तर द्यावं लागतं. नवी जागा कुणाला दिली, हे लिहावं लागतं. अठ्ठावीस वर्षांच्या राजाला ही कारकुनी खोच सुचली, याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं झालेलं नाही. पुतळे कारकुनीचे उभारत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

शाहूंनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ मध्ये दत्तक होऊन ते कोल्हापूरच्या गादीवर आले आणि पुढची दहा वर्षं राजकोटला, मग धारवाडला सर स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिकण्यात गेली. गादीवर बसून त्यांनी दरबाराची पाहणी केली, तर मुलकी कारभारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. खासगी खात्यातही तीच गत. ही माणसं शिकलेली होती, काम जाणत होती. काढून टाकलं तर त्यांच्या जागी बसवायला दुसरं कोण होतं?

हा प्रश्न स्वतःला विचारण्यात आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबण्यात शाहूंचा वेगळेपणा आहे. गादीवर बसल्याच्या पहिल्याच वर्षी फर्मान काढून जागा वाटता आल्या असत्या. तसं झालं असतं तर सहा महिन्यांत महसुलाचा घोटाळा झाला असता आणि पोलिटिकल एजंट साहेबांना हात घालायला आयतं निमित्त मिळालं असतं. जागा भरायच्या तर शिकलेला माणूस हवा. तो हवा तर खेड्यातलं पोरगं कोल्हापूरच्या शाळा-कॉलेजापर्यंत पोचलं पाहिजे. आणि ते पोचलं तरी रात्री झोपणार कुठे, जेवणार कुठे?

घोडं अडलं होतं ते इथे. राजाराम कॉलेज होतं, हायस्कूल होतं. पण राधानगरीकडून किंवा भुदरगडातून आलेल्या कुणब्याच्या पोराला शहरात ओळखीचं घर नव्हतं. ब्राह्मण विद्यार्थ्याला नात्यागोत्यात आसरा मिळे, वार लावून जेवण मिळे. बाकीच्यांना कोण वार लावणार? आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या पोराला तर पैसे देऊनही कुणी खोली देत नव्हतं.

शाहूंनी आधी सरळ मार्गच धरला. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. काही वर्षांतच दिसलं की नाव सगळ्यांचं असलं तरी पंगत एकाच जातीची उरली आहे. स्वयंपाकघर कुणाचं, सोवळं कुणाचं, शेजारी कोण बसणार, या गोष्टी कागदावरच्या समतेला पुरून उरल्या. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंगही उभं राहिलं. मुस्लिम बोर्डिंग १९०६ मध्ये, लिंगायत बोर्डिंग १९०७ मध्ये. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये निघालं. दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक अशी रांग लागली आणि शाहूंच्या हयातीत ही संख्या विसाच्या घरात गेली. आज दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंना नजर टाकली तर त्यांतल्या काही पाट्या अजून दिसतात.

जातवार वसतिगृहं काढून शाहूंनी जाती पक्क्या केल्या, हा आक्षेप जुना आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पण १८९६ चा अनुभव बाजूला ठेवून तो घेता येत नाही. एकत्र वसतिगृह आधी करून पाहिलं होतं. ते बंद दारावर डोकं आपटण्यासारखं ठरलं, म्हणून शाहूंनी शेजारची खिडकी उघडली. यात एक व्यवहाराची गोष्टही होती. दरबार जागा देई, इमारतीला हात लावी, सालाना मदत देई. पण चालवायचं त्या त्या समाजाच्या कमिटीने. मुस्लिम समाजातून लवकर कुणी पुढे येईना, तेव्हा मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं, सुपरिंटेंडंट नेमणं, पोरांच्या भांडणाचा निवाडा करणं, ही कामं प्रत्येक जातीतल्या दहा-वीस माणसांना पहिल्यांदाच करावी लागली. संस्था चालवायची सवय त्यातून लागली. पश्चिम महाराष्ट्रात पुढे सहकाराची आणि शिक्षणसंस्थांची जी गर्दी झाली, तिच्या मुळाशी ही सवयही आहे.

याच जैन बोर्डिंगात एक बंडखोर विद्यार्थी होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकीकत सांगतात. या भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसवणारं वसतिगृह उभं केलं आणि त्याला नाव दिलं छत्रपती शाहू बोर्डिंग. कोल्हापुरात १८९६ मध्ये जे जमलं नव्हतं, ते साताऱ्यात १९२४ मध्ये जमलं.

शाहूंच्या कारभाराची खरी परीक्षा मात्र त्याआधीच, अगदी सुरुवातीला होऊन गेली होती. १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. पाठोपाठ प्लेग आला. शतक संपता संपता पुन्हा दुष्काळ पडला. पहिला तडाखा बसला तेव्हा राज्यावर येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

धान्य बाजारात अगदीच नव्हतं असं नाही, पण भाव गरिबाच्या हातात राहिला नव्हता. व्यापाऱ्यांना दम भरणं सोपं होतं, पण दमाने माल कोठारातून बाहेर येत नाही, उलट जास्त खोल जातो. दरबाराने व्यापाऱ्यांना बिनव्याजी रकमा दिल्या, बाहेरून धान्य आणायला लावलं आणि स्वस्त धान्याची दुकानं उघडून ते जवळपास खरेदीच्या भावात विकलं. जनावरांसाठी राखीव रानं चराईला मोकळी केली. विहिरींसाठी तगाई दिली. रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली.

कामं काढल्यावर आणखी एक अडचण पुढे आली. घरची बाई खडी फोडायला आली तर कडेवरच्या पोराचं काय करायचं? उन्हात झोळी बांधून ठेवलेली मुलं आजारी पडत, आणि मुलासाठी घरी थांबावं तर मजुरी बुडे. दरबाराने कामाच्या जागी शिशुगृहं उघडली. मुलांना सांभाळायला माणूस आणि खायला दूध-पेज. हा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत संपतो, पण तो कुणीतरी कामावर जाऊन, उन्हात उभं राहून पाहिल्याशिवाय सुचणारा नव्हे. कचेरीत बसून दुष्काळी कामांचा नकाशा आखता येतो. झाडाखालची झोळी नकाशात दिसत नाही. शाहू तंबू घेऊन संस्थानभर हिंडत, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. शिकारीच्या नादाने रानोमाळ फिरणंही त्यांच्या कारभाराला उपयोगी पडलं.

दुष्काळ सरल्यावर सगळेच राजे सुटकेचा सुस्कारा टाकतात. शाहूंनी पाण्याची पाहणी लावली. संस्थानचा भूगोल विचित्र होता. गगनबावडा, राधानगरी या सह्याद्रीच्या कुशीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे शेतकरी आभाळाकडे बघत बसे. पंचगंगा पावसाळ्यात उरावर येई आणि उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडत. म्हणजे कमी होती ती पाणी धरून ठेवणाऱ्या जागेची. विहिरी आणि गावतळी करून झाली, तरी एवढ्याने भागणार नव्हतं. भोगावती नदीवर फेजिवडे इथे मोठं धरण बांधायचं ठरलं आणि १९०७-०८ च्या सुमारास काम सुरू झालं. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं, ठिकाणाला कन्या राधाबाईंच्या नावावरून राधानगरी. एका देशी संस्थानाने आपल्या तिजोरीच्या जोरावर एवढं मोठं धरण अंगावर घ्यावं, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती.

दुसरी खुबी पाणी वाटण्यात होती. शेकडो मैल कालवे खोदायला पैसा नव्हता आणि डोंगराळ मुलखात ते परवडणारही नव्हतं. म्हणून नदीच कालवा म्हणून वापरायची कल्पना पुढे आली: धरणातून पाणी नदीत सोडायचं आणि काठच्या शेतकऱ्यांनी ते उपसून घ्यायचं. नदीत सोडलेलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून पुढच्या काळात जागोजागी बंधारे झाले. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की त्या खाचांत लाकडी बरगे बसवायचे, बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती भरायची. पुढच्या जूनआधी बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. पाटबंधारे खात्यात महाराष्ट्रभर त्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. बंधाऱ्याची ही पद्धत शाहूंनी शोधली असं म्हणणं बरोबर नाही, पण नदीलाच कामाला लावण्याची जी दिशा राधानगरीने दिली, तीवरच ती उभी आहे.

जिथे अडचण दगड-मातीची होती तिथे पैसा आणि अक्कल लावता येत होती. माणसांच्या मनातली अडचण निराळी. वेदोक्त प्रकरणात याचा शाहूंना चांगलाच चटका बसला. राजघराण्याचे विधी वेदोक्त मंत्रांनी करायला राजोपाध्यांनी नकार दिला. शाहूंनी समिती नेमली, मुदत दिली, कागदपत्रं तपासली, आणि तरीही राजोपाध्ये ऐकेनात तेव्हा १९०२ मध्ये त्यांचं इनाम जप्त केलं. अपिलं पोलिटिकल एजंटपासून व्हाइसरॉयपर्यंत गेली आणि तिथे फेटाळली गेली. वाद शमायला १९०५ साल उजाडलं. राजा असून आपल्या घरच्या विधीसाठी इतकी वर्षं झगडावं लागतं, तर मग महारवाड्यातल्या माणसाचं काय, हा हिशेब शाहूंनी पुढे कधी सोडला नाही.

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात आजही आवडीने सांगितली जाते. गंगाराम महाराजांच्या पागेत चाकरीला. महाराज परगावी असताना त्याने सवर्णांच्या पाण्याला हात लावल्याचा ठपका ठेवून त्याला बेदम मारलं. महाराज परतल्यावर तो सोनतळीच्या मुक्कामी जाऊन रडला. मारणाऱ्याला शिक्षा झाली. इथे बहुतेक राज्यकर्त्यांचं काम संपलं असतं. शाहूंनी गंगारामला चाकरीतून मोकळं केलं आणि पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर गंगारामने हॉटेल थाटलं, नाव ‘सत्यसुधारक’. भांडी लखलखीत, चहा उत्तम. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. महाराच्या हातचा चहा घेणार कोण?

आता यावर हुकूम काय काढणार? अमक्याच्या हातचा चहा प्यावा असा जाहीरनामा निघत नाही. महाराज आपला खडखडा (घोडागाडी) घेऊन रपेटीला निघत, तो त्यांनी गंगारामच्या दुकानासमोर उभा करायला सुरुवात केली. भर रस्त्यात चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचा. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारायची छाती कुणाची होती? काम घेऊन आलेल्या माणसालाही आधी गंगारामकडचा चहा, मग सही, असंही सांगतात. धंदा चालू लागला. महाराजांच्या निधनानंतर नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभारलं ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांनी.

जिथे स्वतः जाऊन चहा पिणं पुरणार नव्हतं, तिथे शाहू कठोर झाले. १९१८ मध्ये महार वतन रद्द केलं आणि गावकीच्या वेठीत अडकलेल्या जमिनी त्या कुटुंबांच्या नावे रयतावा करून दिल्या. काही जमातींना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकवून परगावी कामाला गेलं की गुन्हा, आणि काम नाही म्हणून पोट भरायला चोरी, असा तो फेरा होता. त्याच वर्षी ही हजेरी बंद झाली. कुलकर्णी वतनही मोडलं आणि पगारी तलाठी आले. त्या कामासाठी अस्पृश्य तरुणांना शिकवून तयार केलं. १९१९ च्या जानेवारीत सरकारी दवाखाने आणि कचेऱ्यांसाठी हुकूम निघाले. अस्पृश्य रोग्यांना इतरांसारखंच वागवावं, मिरजेच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलात कसं चालतं ते पाहावं. आणि ज्या नोकराला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. सहा आठवडे आणि पेन्शन, या दोन शब्दांनी जे केलं ते दहा भाषणांनी झालं नसतं.

शिक्षणाच्या सक्तीतही हाच हात दिसतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात बारगळलं होतं. बडोद्यात सयाजीरावांनी मात्र १९०६ मध्येच संस्थानभर सक्ती केली होती. शाहूंनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातल्या चिखलीत पहिली शाळा उघडली. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. इमारती बांधत बसले असते तर दहा वर्षं गेली असती, म्हणून देवळं, चावड्या, धर्मशाळा वापरात घेतल्या. १९१९ च्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका छपराखाली आणली. चार वर्षांत शाळांची संख्या चारशेच्या वर गेली.

हे सगळं वाचताना एक गोष्ट विसरू नये. शाहू राजे होते. त्यांना निवडणूक लढवायची नव्हती, सभागृहात मतं मोजायची नव्हती. गॅझेटात मजकूर दिला की कायदा झाला. आजच्या मंत्र्याने किंवा जिल्हाधिकाऱ्याने त्यांचं अनुकरण करायचं म्हटलं तर निम्मी हत्यारं त्याच्या हाती नाहीत. शिवाय शाहूंचा हात मोकळा होता, तिजोरी मात्र लहान. एकाच वेळी वसतिगृहं, शाहू मिल, जयसिंगपूरची पेठ, खासबागचं कुस्ती मैदान, शाळा आणि धरण, एवढं सगळं अंगावर घेतल्यावर कुठेतरी ओढ बसणारच होती. ती धरणावर बसली. सुमारे १४ लाख रुपये खर्चून भिंत ४० फुटांच्या आसपास आली आणि १९१८ मध्ये पैशाअभावी काम थांबलं. हुकमामागे तजवीज हवी, हे ज्यांना इतकं कळत होतं, त्यांचाच सर्वांत मोठा हिशेब चुकला.

शाहू ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. राधानगरीची अर्धी भिंत तशीच राहिली. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी १९३९ मध्ये काम पुन्हा हाती घेतलं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि धरण पुरं झालं ते त्यानंतर, १९५० च्या दशकात, लोकनियुक्त सरकारच्या पैशाने.